आधी तिचं ऐका, मग ई.सी.जी. काढा

मिहानच्या रुंद रस्त्यांवर पहाटे मुली धावताना दिसतात. शिवणगाव, खापरीकडच्या शेतकऱ्यांच्या जमिनी ज्या प्रकल्पासाठी गेल्या, त्याचेच हे रस्ते. बहुतेकींच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती असते. मैदानी चाचणीचे गुण ५०, त्यातले २० आठशे मीटर धावण्याचे. एकेका सेकंदासाठी पोरी जीव काढतात.

त्यांतलीच एक माझ्या ओळखीची. तापातून उठली आणि पाचव्या दिवशी मैदानावर गेली. दोन फेऱ्यांत दम लागला, छातीत धडधडायला लागलं. सर म्हणाले, "नाटकं नको करू." आई म्हणाली, "अशक्तपणा आहे, होईल बरं." घराजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी "पाळी सुरू आहे का?" एवढंच विचारलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. शेवटी ती भोवळ येऊन पडली, तेव्हा कुठे ई.सी.जी. निघाला. हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. ती वाचली, पण त्या वर्षीची भरती हुकली.

हे कळल्यावर आमच्या बैठकीत ठराव आला: या भागातल्या सगळ्या मुलींसाठी हृदयतपासणी शिबिर घ्यावं. मी विरोध केला. का, ते इथे मांडते.

आधी आजाराविषयी. फ्लू, करोना, डेंग्यू अशा विषाणूंच्या तापात कधी कधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. अशा हृदयावर जोराच्या धावण्याचा ताण पडला, तर ठोक्यांची लय बिघडून माणूस जागच्या जागी कोसळू शकतो. मात्र हे क्वचित घडतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात करोना होऊन गेलेले ७८९ व्यावसायिक खेळाडू तपासले गेले. सूज आढळली ५ जणांना. आणि त्या ७८९ मध्ये बायका किती होत्या? १२! हा आजार तरुण पुरुषांत अधिक आढळतो, हे खरं. पण 'पुरुषांत अधिक' याचा अर्थ 'मुलींना होतच नाही' असा कुणी लावायचा?

अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली स्पष्ट सांगितलं की, सरसकट सर्वांची तपासणी नको. ज्यांना छातीत दुखतं, दम लागतो, धडधडतं किंवा भोवळ येते, त्यांचा ई.सी.जी., इको आणि रक्तातील ट्रोपोनिन तपासा. सूज निघाली तर काही महिने, साधारण तीन ते सहा, धावणं बंद.

म्हणजे सगळी मदार मुलीच्या सांगण्यावर आहे. आणि नेमकं तेच आपल्याकडे कुणी ऐकत नाही. बाईच्या दुखण्याला पाळी, अशक्तपणा आणि टेन्शन ही तीनच नावं आपल्याला माहीत. पंडुरोग आपल्या बायकांत आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या ५७ टक्के स्त्रियांत तो आढळला. म्हणूनच धोका मोठा आहे. गोळ्या देऊन घरी पाठवायला कारण तयारच असतं.

शिबिराचा दुसरा धोका आपण विसरतो. नियमित धावणाऱ्यांच्या ई.सी.जी.त निरुपद्रवी फरक दिसतात. शिबिराच्या गर्दीत कुणी एखाद्या कागदावर 'शंका' असं लिहिलं, तर काय होईल? मुलाला आपण मोठ्या डॉक्टरांकडे नेऊ. मुलीला म्हणू, "पुरे झालं धावणं." शिवाय लग्नाच्या बाजारात 'हिच्या हृदयात काहीतरी आहे' ही कुजबुज जन्मभर पुरेल. तिला घरात बसवायला कारण शोधणाऱ्यांच्या हाती आपणच कागद द्यायचा का?

यंत्रांची वाण नाही. मिहानमध्येच एम्स उभं आहे, ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचं लोकार्पण झालं. पण तिथवर पोचायच्या आधी मुलीला आई, सर आणि डॉक्टर अशा तीन दारांवर अविश्वास भेटतो. ती दारं उघडणं हे आपलं काम आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. तापात कुणीही धावू नये. ताप गेल्यावर काही दिवस विश्रांती, मग हळूहळू सुरुवात. लक्षणं सांगणाऱ्या मुलीला त्याच दिवशी थांबवावं आणि तपासणीला पाठवावं. ई.सी.जी. काढायला बाई असावी, मध्ये पडदा असावा. आजारपणाचा दाखला असेल, तर मैदानी चाचणीची दुसरी तारीख मिळावी. नाहीतर घाबरून मुली दुखणं लपवतील. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत धावताना कोसळून तरुण उमेदवार दगावले, तेव्हा ऊन, पाणी, अंतर यांची चर्चा झाली. "नुकताच ताप आला होता का?" हा प्रश्नही त्याच यादीत हवा.

शिबिराचा फलक लावणं सोपं आहे. गावोगावच्या मैदानांवर जाऊन सरांशी भांडणं, आयांशी बोलणं अवघड आहे. पण धावताना थांबून "मला बरं वाटत नाही" असं म्हणणाऱ्या मुलीवर पहिल्याच वेळी विश्वास ठेवला जाईल, तो याच कामामुळे.