बंदूक खोळीतच बरी

भंडारा जिल्ह्यात सणासुदीच्या, मोर्चांच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास येते: जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम ३७ (१) व (३) लागू. आदेशाची भाषा ठरलेली असते. शस्त्रे, सोटे, भाले, तलवारी, सुरे, बंदुका, काठ्या घेऊन फिरू नये आणि मुदत पंधरा दिवस. बातमी वाचून सर्वसामान्य माणसाचा समज असा होतो की हे पंधरा दिवस सरले, की परवानाधारकाने पिस्तूल कमरेला लावून बसस्थानकावर उभे राहायला कुणाची ना नाही. हा समज साफ चुकीचा आहे. शस्त्र कायदा १९५९ खालचे जे नियम जुलै २०१६ मध्ये नव्याने लागू झाले, त्यांतला नियम ३२ बारा महिने, तेरा त्रिकाळ लागू असतो. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचे तर ते अंगाशी बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत हवे, लांब नळीची बंदूक तिच्यासाठी केलेल्या खोळीत हवी, शस्त्र पूर्णपणे झाकलेले हवे आणि नेणाऱ्याचा त्यावर पक्का ताबा हवा, असे तो सांगतो. सार्वजनिक जागी शस्त्र परजायला आणि गोळी झाडायला त्यात सक्त मनाई आहे. परवाना हातात पडला म्हणजे बंदूक चारचौघांत दाखवायची मुभा मिळाली, असा अर्थ कायद्यात कुठेही निघत नाही.

या नियमामागचा विचार जुना आहे. शस्त्र परवान्याच्या छापील अटींत पूर्वीपासून एक अट आहे: जिल्हादंडाधिकाऱ्याची खास परवानगी नसेल तर परवान्यावरचे शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शाळा-महाविद्यालयाच्या आवारात नेता येत नाही. आपल्या जिल्ह्याच्या भाषेत सांगायचे तर दिवाळीनंतरची गावोगावची मंडई, शंकरपटाची दान, गायमुखची महाशिवरात्रीची यात्रा ही सगळी ठिकाणे बंदुकीला बंद आहेत, मग ती खोळीत असो वा उघडी. अट मोडली तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय कलम १७ खाली परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याला आहेच. २०१९च्या दुरुस्तीने आणखी एक गाठ मारली. लग्नात, समारंभात, धर्मस्थळी आनंदाच्या भरात गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड. कायदा अपुरा आहे, असे म्हणायला इथे जागाच उरत नाही.

तरीही नियम ३२ ची आठवण प्रशासनाला होते ती बहुधा उशिरा. मुळशी तालुक्यात जमिनीच्या वादात एका बाईने शेतकऱ्यांसमोर पिस्तूल दाखवून धमकावल्याचा आरोप आहे. प्रसंग २०२३ मधला. गुन्हा नोंदला गेला जुलै २०२४ मध्ये, तोही तिच्या मुलीच्या सनदी नोकरीवरून राज्यभर गदारोळ उठला आणि चित्रफीत घराघरांत पोचली तेव्हा. परवाना का रद्द करू नये, ही नोटीस त्यानंतरची. आरोपाचा निकाल न्यायालय लावेल. परंतु मधले वर्षभर ते पिस्तूल आणि तो परवाना जागच्या जागी होते, ही वस्तुस्थिती उरते. बीडमध्ये ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली आणि मग एकाएकी सगळ्यांचे लक्ष त्या एका जिल्ह्यातल्या बाराशेहून अधिक शस्त्र परवान्यांकडे गेले. कमरेला पिस्तुले लावून मिरवणाऱ्यांच्या, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर आधीपासून फिरत होत्या. पोलिसांनी प्रस्ताव पाठवले, जिल्हा प्रशासनाने मोठ्या संख्येने परवाने रद्द केले. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो त्याचे असते. पहिल्यांदा शर्ट बाजूला सारून मूठ दाखवणाऱ्याला कुणी हटकत नाही, म्हणून दुसऱ्यांदा ती मूठ हातात येते.

माझे म्हणणे एवढेच आहे की परवानाधारकाचे शस्त्र उघडे दिसणे हाच कारवाईचा पहिला आणि पुरेसा प्रसंग मानला पाहिजे. गोळी सुटण्याची, गुन्हा घडण्याची, चित्रफीत गाजण्याची वाट पाहता कामा नये. यात कायदेशीर शहाणपणही आहे. परवाने रद्द करण्याचे आदेश अपिलात आणि उच्च न्यायालयात टिकत नाहीत, ते बहुतेकदा कारण मोघम असल्यामुळे. 'सार्वजनिक शांततेला धोका' असा शेरा मारून आणि परवानाधारकावर एखादा गुन्हा दाखल आहे एवढाच आधार देऊन काढलेले आदेश न्यायालयांनी वारंवार फिरवले आहेत. नुसता खटला प्रलंबित आहे म्हणून परवाना काढून घेता येत नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेक निकालांत बजावले. परंतु त्याच कलम १७ मध्ये परवान्याच्या अटीचा भंग हे स्वतंत्र कारण दिलेले आहे. शस्त्र झाकलेले होते की नव्हते, हा प्रश्न डोळ्यांनी सुटतो. त्याला छायाचित्र चालते, पंचनामा चालतो, परवानाधारकाने स्वतः टाकलेली रीलही चालते. माणसाच्या मनात काय होते, त्याचे कुणाशी लागेबांधे आहेत, तो पुढे काय करील, याचा अंदाज बांधावा लागत नाही. कारण नेमके, पुरावा समोर आणि शिक्षा कृत्याच्या मापाची. परवानाधारकाच्या बाजूने पाहिले तरी हाच मार्ग जास्त न्याय्य ठरतो.

अमेरिकेत नेमका हाच प्रश्न न्यायालयांत वर्षानुवर्षे झडतो आहे आणि तिथली दिशा उलटी आहे. फ्लोरिडा राज्यात लपवून शस्त्र नेण्याचा परवाना सहज मिळे, उघडे नेण्यास मात्र १९८७ पासून बंदी होती. फोर्ट पियर्स गावात २०१२ मध्ये असा परवाना असलेला एक माणूस कमरेचे पिस्तूल दिसत असताना रस्त्याने चालला म्हणून पकडला गेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ४ विरुद्ध २ मतांनी बंदी कायम ठेवली. मध्यंतरी जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा शंभरावर वर्षे जुना निर्बंध मोडीत काढून घराबाहेर शस्त्र बाळगणे हा घटनात्मक हक्क ठरवला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये फ्लोरिडातल्या एका अपील न्यायालयाने उघड्या शस्त्रावरची बंदीच घटनाबाह्य ठरवली. तिथे सरकारला सिद्ध करावे लागते की बंदी का घालावी. आपल्याकडे मागणाऱ्याला पटवून द्यावे लागते की शस्त्र कशाला हवे. या एका फरकामुळे तिथल्या युक्तिवादांची आयात इथे करता येत नाही.

हा फरक आपोआप पडलेला नाही. तो घटनाकारांनी विचार करून पाडला आहे. १९४८च्या डिसेंबरच्या सुरुवातीला संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. कामत मध्य प्रांत व वऱ्हाडातून सभेवर गेलेले होते, म्हणजे भंडारा तेव्हा ज्या प्रांतात होता त्याच प्रांतातून. इंग्रजांच्या १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले होते आणि काँग्रेसने १९३१च्या कराची ठरावात शस्त्राचा हक्क नियमांच्या अधीन राहून मान्य केला होता, तेव्हा मागणीला इतिहासाचा आधार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. राष्ट्रावर संकट आले तर शस्त्र उचलणे हे नागरिकाचे कर्तव्य, परंतु सरसकट हक्क दिला तर समाजाला धोकादायक असलेल्यालाही तो मागता येईल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. पुढे १९५४ मध्ये याच भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक बाबासाहेबांनी लढवली. त्यांच्या उत्तराचे मर्म फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या एका जामीन प्रकरणात पुन्हा अधोरेखित केले: भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की दिसणारे शस्त्र गुन्हेगाराला धाक घालते, झाकलेले शस्त्र घालत नाही. हा धाक नेमका कुणाला बसतो, हे तपासून पाहावे. दरोडा घालायला निघालेला माणूस कमरेकडे बघून बेत बदलत असेलही. परंतु रोजच्या व्यवहारात ते पिस्तूल पाहणारे वेगळे असतात: ग्रामसभेत हिशेब विचारणारा गावकरी, धुऱ्याच्या वादात समोर बसलेला शेजारी, वाळूचा ट्रॅक्टर अडवणारा तलाठी. वैनगंगेच्या घाटांवर महसूल पथकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या या जिल्ह्याला नव्या नाहीत. अशा ठिकाणी मूठ नुसती दिसली तरी बोलणे संपते. संरक्षणासाठी दिलेल्या परवान्याने समोरच्याचे तोंड बंद होत असेल, तर परवान्याचा हेतूच फिरला. कायद्याने शस्त्र झाकायला सांगितले ते याचसाठी.

दुसरा आक्षेप अधिक वाजवी आहे. मोटारसायकलवर टांग मारताना शर्ट वर गेला आणि होल्स्टर दिसले, तर तेवढ्यासाठी परवाना घालवायचा का? फ्लोरिडाने बंदी असतानाच २०११ मध्ये क्षणभर, सहज दिसून गेलेल्या शस्त्राला कायद्यातून सूट दिली होती. आपल्या नियमातले 'पूर्णपणे झाकलेले' हे शब्द दक्षिण आफ्रिकेच्या २००० सालच्या कायद्याशी जुळतात आणि त्यात अशी फट नाही. म्हणून तारतम्य प्रशासनाने दाखवायला हवे. पहिल्या चुकीला लेखी समज, दुसऱ्या वेळी काही महिन्यांचे निलंबन, आणि मुद्दाम दाखवले असेल, म्हणजे टेबलावर काढून ठेवले, हातात घेऊन फोटो टाकला, समोरच्याकडे रोखले, तर थेट रद्द करण्याची कारवाई. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठापुढे २००९ मध्ये आलेल्या प्रकरणानंतर निवडणुकीत परवान्याची शस्त्रे सरसकट जमा करून न घेता छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करावा, अशी पद्धत ठरली. तोच न्याय इथे लावावा.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा. कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अशा अभयारण्यांच्या कडेला धान पिकवणाऱ्याला रानडुकरे एका रात्रीत बांधी उकरून देतात. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्येच पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे आपल्याकडच्या भरमारचा, वेगळा उल्लेख आहे. या माणसाची बंदूक लपणारी नाही आणि त्याला मिरवायचीही नाही. परंतु शेत त्याचे असले तरी तिथवरची वाट गावाची आहे. घरापासून धुऱ्यापर्यंत बंदुकीला खोळ घालणे त्याला जड जाणार नाही. नियम मराठीत, सोप्या शब्दांत कुणी त्याच्या हातात ठेवला तर. दसऱ्याला शस्त्रपूजा करणाऱ्यांचेही तसेच. घरात पाटावर पूजा करावी, तिच्या आड यायचे कुणाला कारण नाही. पूजेनंतर तीच बंदूक खांद्यावर टाकून चौकात काढलेला फोटो मात्र परंपरेत बसत नाही.

राहता राहिला देशी कट्ट्यांचा मुद्दा. खरा धोका विनापरवाना शस्त्रांचा आहे, परवानाधारकांच्या मागे कशाला लागता, असे विचारले जाते. कट्टे पकडायलाच हवेत, त्यात दुमत नाही. परंतु कट्टेवाल्याचे नाव, पत्ता, हत्याराचा क्रमांक सरकारजवळ नसतो. परवानाधारकाचे सगळे असते आणि दर पाच वर्षांनी तो नूतनीकरणासाठी स्वतःहून येतो. जे हातात आहे तिथे नियम पाळून घेतला नाही, तर जे हातात नाही तिथे जरब बसेल कशी? शिवाय परवान्याचे पिस्तूल उघडे मिरवणारा माणूसच पोरांना दाखवून देतो की गावात वजन कशाने येते. परवाना आपल्याला मिळणार नाही असे कळले, की पोरगा त्या वजनासाठी कट्ट्याकडे वळतो.

जिल्हादंडाधिकाऱ्यांनी आणि पोलीस अधीक्षकांनी करण्याजोगे यात थोडेच आहे. भंडाऱ्यापासून लाखांदूरपर्यंत सातही तालुक्यांतल्या प्रत्येक परवानाधारकाला नियम ३२ मराठीत छापून द्यावा आणि पोच घ्यावी. नूतनीकरणाच्या वेळी होल्स्टर किंवा खोळ प्रत्यक्ष दाखवायला सांगावी. उघड्या शस्त्राची तक्रार आली, तर ठाणेदाराने ठरावीक दिवसांत अहवाल द्यावा, मग तक्रार कोतवालाविरुद्ध असो की माजी आमदाराविरुद्ध. नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. बारा बोअरच्या बंदुकीला साधी कॅनव्हासची खोळ पुरते. ती घालण्याची सक्ती २०१६ पासून आहे; आता ती तपासणारा माणूस हवा.