‘गरीब’ पक्षी कोणता?

मुलांना कुत्रा हवा असतो, आई-बाबांना घरात कुठलाच प्राणी नको असतो, आणि मग दोघांच्या मधली तडजोड म्हणून पक्षी येतो. मवालेहच्या फ्लॅटमध्ये राहणारं कुणीतरी मूल दरवर्षी आमच्या वर्गात विचारतंच, "दादा, पाळायला सगळ्यात गरीब पक्षी कोणता?"

‘गरीब’ हा शब्द इथे अगदी बरोबर आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो गरीब, हे तुम्हाला माहीत आहे. पण जी गाय शिंग मारत नाही तिलाही आपण ‘गरीब गाय’ म्हणतो. म्हणजे प्रश्न असा आहे : जो चावणार नाही, ओरडून घर डोक्यावर घेणार नाही आणि हातावर येऊन बसेल, असा पक्षी कोणता?

माझं मत आधीच सांगून टाकतो. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी बजरीगारची जोडी आणावी. घरात दिवसभर एखादं मोठं माणूस असेल तर कॉकटील चालेल. हिरवा पोपट मात्र नको, तो कितीही गोड दिसला तरी. आता कारणं सांगतो, कारण तुमचे बाबा कारणं विचारणारच.

पोपटापासून सुरुवात करू, कारण मराठी घरात पक्षी म्हटलं की पहिल्यांदा पोपटच आठवतो. आजोबांना विचारा. त्यांच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर एक मिठू असेल. तो हिरवी मिरची आणि पेरू खायचा आणि पाहुणे आले की ‘मिठू मिठू’ करायचा. गोष्ट खरी आहे, पण आज भारतात तसा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातल्या रानपोपटांना संरक्षण दिलेलं आहे. शिवाय हा पक्षी गरीबही नाही. त्याची चोच मजबूत असते, आवाज कर्कश असतो, आणि वयात येताना तो काही महिने चांगलाच चावरा होतो. आजोबांच्या गोष्टीत हा भाग नसतो.

ओमानमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. मस्कतच्या बागांमध्ये हिरवे पोपट दिसतात, साळुंक्या तर सगळीकडे दिसतात. साळुंकी आपल्याकडची, पुण्या-नाशकातली. बोलते म्हणून लोकांनी तिला पिंजऱ्यातून जगभर नेलं. कुठे ती सुटली, कुठे लोकांनी मुद्दाम सोडली, आणि तिचे थवे झाले. जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० परक्या प्रजातींच्या यादीत आज तिचं नाव आहे. ती इतर पक्ष्यांच्या ढोलीत घुसते, त्यांची अंडी फोडते. ओमानच्या पर्यावरण प्राधिकरणाला साळुंक्या आणि कावळे कमी करण्यासाठी मोहीम काढावी लागली. म्हणून ‘कंटाळा आला तर सोडून देऊ, पुण्य मिळेल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. साळुंकीसारखा चिवट पक्षी सुटला तर इथल्या पक्ष्यांची पंचाईत होते. पिंजऱ्यात वाढलेला बजरीगार सुटला तर तो जूनच्या उन्हात एक-दोन दिवसांत मरतो.

आता नावांचा एक घोळ. महाराष्ट्रात ज्यांना सगळे ‘लव्ह बर्ड्स’ म्हणतात, ते बहुतेक वेळा बजरीगार असतात. खरे लव्ह बर्ड आफ्रिकेतले. ते दिसायला सुंदर असतात, पण चावायला पटाईत. दुकानात नावावर जाऊ नका. बजरीगारच्या डोक्यावर आणि पाठीवर बारीक काळ्या लाटा असतात आणि शेपूट लांब असते. लव्ह बर्ड आखूड शेपटीचा आणि जाड चोचीचा असतो.

बजरीगार मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथे तो हजारोंच्या थव्याने उडतो. जॉन गोल्ड नावाच्या पक्षितज्ज्ञाने १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला आणला आणि तिथून तो जगभर घराघरांत गेला. नावात ‘बाजरी’ ऐकू येते, पण तो निव्वळ योगायोग आहे. बाजरी तो आवडीने खातो, हे मात्र खरं! वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. तो चावला तरी चिमटा काढल्यासारखं वाटतं, त्याहून जास्त काही नाही. आवाज दिवसभर चालू असतो, पण ती किलबिल असते, शेजारी तक्रार करत नाहीत. आणि तो बोलतोसुद्धा. अमेरिकेतल्या ‘पक’ नावाच्या बजरीगारला १७२८ शब्द येत होते, अशी गिनीज बुकात नोंद आहे. (आमच्या वर्गातल्या काही जणांपेक्षा जास्त, पण ते असो.)

जोडी का? कारण थव्यातला पक्षी एकटा ठेवला तर तुम्हीच त्याचा थवा होता, आणि तुम्ही सकाळी सात ते दुपारी दोन घरात नसता. जोडी असली की दोघं एकमेकांत जास्त रमतात आणि तुमच्याकडे थोडं कमी लक्ष देतात. ही किंमत मला मान्य आहे. शक्यतो दोन्ही नर घ्या. मोठ्या नराच्या चोचीवरचा नाकपुड्यांचा भाग निळा असतो, मादीचा तपकिरी. आणि पिंजऱ्यात मडकं टांगू नका. भारतात पुष्कळ जण टांगतात, पण मडकं हे अंडी घालायची जागा असते. नर-मादी असतील तर बघता बघता दोनाचे आठ होतात.

कॉकटीलला भारतातले बरेच दुकानदार ‘कॉकटेल’ म्हणतात. त्याचा सरबताशी काही संबंध नाही. हाही ऑस्ट्रेलियाचाच. गालावर नारिंगी ठिपका आणि डोक्यावर तुरा. त्या तुऱ्यावरून त्याचं मन वाचता येतं. दचकला की तुरा ताठ उभा, रागावला की डोक्याला चिकटलेला. हातावर बसायला आणि मान खाजवून घ्यायला तो बजरीगारपेक्षा जास्त तयार असतो. स्वभावाने मला तोच सगळ्यात गरीब वाटतो. मग पहिली पसंती त्याला का नाही? कारण तो पंधरा-वीस वर्षं जगतो.

पंधरा-वीस वर्षं हा आकडा आपल्या घरांत नीट मोजायला हवा. आपण ओमानमध्ये कॉन्ट्रॅक्टवर राहतो. बाबांची नोकरी बदलली की तीन महिन्यांत सामान बांधलं जातं. पक्षी घेऊन भारतात जायचं तर परवानग्या लागतात, आणि घाईत ते जमत नाही. मग निघायच्या आठवड्यात पिंजऱ्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर येतो, खाली लिहिलेलं असतं, ‘फुकट, पिंजऱ्यासह’. जो पक्षी तुमच्या खांद्यावर झोपायचा, तो अनोळखी घरात जातो. बजरीगार साधारण पाच ते दहा वर्षं जगतो. तुमची शाळा संपेपर्यंत तुम्ही त्याला सांभाळू शकता.

पक्षी कुठलाही आणा, तो गरीब होतो तुमच्या हातांमुळे. मराठीत यासाठी छान शब्द आहे : माणसाळणे. माणसांची सवय होणे. त्याला काही आठवडे लागतात. आधी पिंजऱ्याशेजारी बसून फक्त बोलायचं. मग हात आत ठेवायचा, पण हलवायचा नाही. मग हातात राळ्याचं कणीस धरायचं. पहिल्याच दिवशी मुठीत पकडला, तर जगातला सगळ्यात शांत पक्षीही चावेल. त्यात चूक त्याची नाही.

घराकडेही बघा. पक्ष्याची फुप्फुसं फार नाजूक असतात. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघराजवळ नको. इथे घरोघरी बखूर आणि लुबान जाळतात, आपण उदबत्ती लावतो. पक्षी असलेल्या खोलीत यातलं काहीच नको. एसीचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट चुकूनही देऊ नका. कोथिंबीर द्या.

शेवटी एक सोपा उपाय सुचवतो. सुट्टी लागली की मवालेहच्या निम्म्या इमारती भारतात जातात, आणि पक्षी असलेलं प्रत्येक घर तो सांभाळायला कुणीतरी शोधत असतं. तुम्ही या वर्षी मस्कतमध्येच असाल तर असा एक पिंजरा महिनाभर घरी आणा. रोज सकाळी खालचा कागद बदला, पाणी बदला, बाजरीची टरफलं झाडा. महिना संपल्यावर दुकानात जायचं की नाही, ते आई-बाबांबरोबर बसून ठरवा.