कर्करोगाचे गणित कोणी करायचे?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : जीवशास्त्र घ्यायचे की गणित? ज्याला रोग्यांची सेवा करायची त्याने जीवशास्त्र घ्यावे आणि ज्याला यंत्रांची आवड त्याने गणित, अशी वाटणी ठरून गेलेली आहे. मग गणितवाल्याचा दवाखान्याशी संबंध काय तो ताप आल्यावर! ही वाटणी मला चुकीची वाटते. का, ते सांगतो.

१९५५ साली दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयातला भौतिकीतज्ज्ञ नोकरी सोडून गेला. तेथील कायद्याप्रमाणे किरणोत्सारी द्रव्यांच्या वापरावर भौतिकीतज्ज्ञाची देखरेख आवश्यक होती. शहरात अणुभौतिकी जाणणारा माणूस एकच, विद्यापीठात शिकवणारे ॲलन कॉरमॅक. १९५६ च्या पहिल्या सहामाहीत आठवड्यातून दीड दिवस ते रुग्णालयात जाऊ लागले.

तेथे त्यांनी कर्करोगावरील किरणोपचारांची आखणी पाहिली. आत दडलेल्या गाठीवर बाहेरून किरण सोडायचे, तर वाटेत कातडी, स्नायू, हाड, फुप्फुसातली हवा असे नाना पदार्थ लागतात. हाड किरण जास्त शोषते, हवा जवळजवळ नाहीच. पण आखणीचे तक्ते शरीर सगळे एकजिनसी आहे असे धरून चालत. जणू माणूस म्हणजे पाण्याने भरलेली पखाल! यात हिशेब चुकला तर गाठीला किरण कमी पडून रोग पुन्हा उलटतो, किंवा शेजारचा निरोगी भाग नाहक भाजून निघतो. कॉरमॅक यांना हे पटेना. शरीराच्या आत कोठे किती शोषण होते, हे बाहेरूनच मोजता आले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

हे कसे शक्य आहे? कागद-पेन्सिल घ्या. एका चौकोनाची चार घरे करा, वर दोन, खाली दोन. प्रत्येक घरात मी एक संख्या लपवली आहे. वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची ९. डाव्या स्तंभाची ८ आणि उजव्याचीही ८. संख्या ओळखा. थोडे डोके खाजवलेत की लक्षात येईल, की उत्तरे एकाहून अधिक निघतात. आता आणखी एक बेरीज सांगतो : वरच्या डाव्या घरापासून खालच्या उजव्या घरापर्यंतच्या तिरप्या रेषेवर ११. झाले! आता उत्तर एकच उरते. (ते मी येथे देत नाही.)

साध्या क्ष-किरण चित्रात अशा नुसत्या बेरजाच दिसतात. किरणाच्या वाटेत जे जे आले त्या सगळ्यांची मिळून एकच सावली पडते. पण निरनिराळ्या कोनांतून पुष्कळ बेरजा घेतल्या, तर प्रत्येक घरातली संख्या वेगळी काढता येते.

१९५७ साली कॉरमॅक यांनी ॲल्युमिनियमचा एक गोल तुकडा घेतला, त्याभोवती लाकडाचे कडे बसवले आणि कोबाल्टच्या गॅमा किरणांनी मोजमाप केले. उत्तर अपेक्षेप्रमाणे आले, पण मध्यभागी आकडा किंचित कमी येत होता. चौकशी केली तेव्हा कळले, की कारखान्यातल्या कारागिराने मधोमध जरा निराळ्या, शुद्ध ॲल्युमिनियमची खुंटी ठोकली होती. कॉरमॅकना तिचा पत्ताही नव्हता. गणिताने ती शोधून काढली! खुंटीच्या जागी गाठ आहे अशी कल्पना करा, म्हणजे या आकड्याचे मोल कळेल.

१९६३ आणि १९६४ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. जगाने जवळजवळ दखल घेतली नाही. लेखाची प्रत मागणाऱ्यांत एक पत्र स्वित्झर्लंडच्या हिमप्रपात संशोधन केंद्राचे होते! पुढे असेही कळले, की यामागचे गणित योहान राडोन या गणितज्ञाने १९१७ सालीच सोडवून ठेवले होते.

इकडे इंग्लंडमध्ये इ.एम.आय. कंपनीतले इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड स्वतंत्रपणे त्याच वाटेने निघाले होते. त्यांच्या पहिल्या प्रयोगात २८,००० मोजमापे घ्यायला नऊ दिवस लागले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये एका स्त्रीच्या मेंदूचे चित्र त्यांच्या यंत्राने घेतले. आतला विकार स्पष्ट दिसला. हाच आपला सी.टी. स्कॅन. १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना विभागून मिळाले. दोघेही डॉक्टर नव्हते; वैद्यकाचे तर नाहीतच, पीएच.डी.चेसुद्धा नाहीत.

वर्तमानपत्रांत नव्या यंत्राची किंमत छापून येते, त्यामागचा प्रश्न छापून येत नाही. मला विचाराल तर सी.टी. स्कॅनचे निम्मे श्रेय त्या कायद्याला द्यावे, ज्याने गणित जाणणारा माणूस रोग्याच्या खाटेजवळ आणून उभा केला. आपल्याकडेही किरणोपचार विभागात मेडिकल फिजिसिस्ट असलाच पाहिजे, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे. नियम उत्तम आहे, पण तेवढ्याने भागत नाही. हा माणूस रोजच्या तपासण्या आणि नोंदवह्यांत गळ्यापर्यंत बुडालेला असेल, तर 'हा तक्ता बरोबर आहे का?' असे विचारायला त्याला सवड कोठून मिळणार? मोठ्या रुग्णालयांनी त्याला आठवड्यातला एक दिवस तरी संशोधनासाठी मोकळा द्यावा, असे माझे मत आहे. कॉरमॅकना दीड दिवस पुरला होता!

आणि तुमच्यापैकी ज्यांना गणित आवडते आणि रोग्यांची कणवही आहे, त्यांना ही वाट ठाऊक असावी. भौतिकीची पदवी घेऊन पुढे हा विषय शिकता येतो; मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याचे शिक्षण कित्येक वर्षे दिले जात आहे. किरणोपचाराचे भाभाट्रॉन नावाचे यंत्रही याच केंद्राने तयार केले.

त्या यंत्रात कोबाल्ट-६० असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षे, म्हणजे दर महिन्याला त्याचा जोर सुमारे एक टक्क्याने घटतो. म्हणून तीच मात्रा द्यायला वेळ वाढवत न्यावा लागतो, आणि तो कोणीतरी मोजून ठरवावा लागतो. आज एखाद्या रोग्याला १२० सेकंद लागत असतील, तर बरोबर एक वर्षाने किती लागतील? करून पाहा. १३७ च्या आसपास उत्तर आले, तर तुमचे बरोबर आहे.