आधी आराखडा, मग लेख?

आपण इंजिनियर मंडळी प्लॅनिंगचे भक्त. मीही त्यातलाच. आजोबांवर लेख लिहायचा म्हणून एक्सेल शीट केली: १२ मुद्दे, प्रत्येकाची शब्दसंख्या, शेजारी 'स्टेटस'चा रकाना. दोन वर्षं शीटच सुधारत बसलो. मार्चमध्ये आजोबा गेले. स्टेटस अजून 'पेंडिंग'.

गंमत बघा. ज्या 'वॉटरफॉल'चं खापर आपण विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या पेपरवर फोडतो, त्यात त्यांनीच म्हटलंय की नुसते एकामागून एक टप्पे उरकणं धोक्याचं आहे. सिस्टिम नवीन असेल तर दोनदा बांधा. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये सांगितलं, पहिली सिस्टिम फेकून द्यायची तयारी ठेवा. १९९५ च्या आवृत्तीत त्यांनी तेही सुधारलं: एकदा फेकून भागत नाही, थोडं थोडं वाढवत न्या.

लेखाचंही तसंच. आराखडा नकोच असं नाही. पण तो पंधरा मिनिटांचा असावा. काय सांगायचंय ते एका वाक्यात, खाली तीन मुद्दे, बस्स! मग सरळ कच्चं लिहून काढायचं. खरा मुद्दा बऱ्याचदा लिहिता लिहिताच सापडतो.

काल रात्री शीट बंद केली आणि लिहायला बसलो. पहिलंच वाक्य आलं ते आजोबांच्या सायकलच्या पितळी घंटीबद्दल. १२ मुद्द्यांत ती कुठेच नव्हती. ती त्यांनी कुठून आणली होती, हे विचारायला मात्र आता उशीर झालाय.