खाते ढगात, गिऱ्हाईक दारात

रमजानचा शेवटचा आठवडा म्हणजे कापडवाल्याची अर्ध्या वर्षाची कमाई. दोन वर्षांपूर्वी नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या जळगावच्या दुकानातले इंटरनेट भर दुपारी बंद पडले. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती, हे मागाहून कळले. मोबाइललाही त्या दिवशी धड रेंज नव्हती. अशा वेळी पारोळ्याकडचे एक जुने दुकानदार मागची उधारी चुकती करून ईदचा माल उचलायला आले. मुलाने उधारीची फाइल उघडायला घेतली. फाइल संगणकाच्या पडद्यावर नावासकट दिसत होती. दोनदा टिचकी मारली, तर निरोप आला की इंटरनेट नाही, सबब फाइल उघडता येत नाही. पाहुण्यांनी खिशातून आपली लहान लाल वही काढली आणि हसून म्हणाले, "शेठ, आमची वही तर उघडते."

त्यांच्या वहीतला आकडा आम्ही मान्य केला, पैसे घेतले, माल दिला. रात्री नेट आल्यावर पाहिले, तर आमच्या हिशेबाने ११,४०० रुपये जास्त निघत होते. एक बिल त्यांच्या वहीत चढलेच नव्हते. माणूस इमानदार, त्यात शंका नाही. पण चुकता झालेला हिशेब पुन्हा उघडायचा म्हणजे किती जड जाते, हे व्यापारी बांधवांना आम्ही सांगायला नको. दोन महिन्यांनी निम्मी रक्कम आली. उरलेल्या रकमेचा विषय आम्ही काढत नाही.

गफलत आमचीच होती. फाइल डेस्कटॉपवर दिसते म्हणजे ती आपल्या संगणकात आहे, असे आम्ही धरून चाललो होतो. 'क्लाउड' म्हणजे ढग वगैरे काही नाही, ती दुसऱ्याची मोठमोठी यंत्रे आहेत. आपला माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवावा आणि आपल्या गल्ल्यात फक्त त्याची चिठ्ठी असावी, तशी ही गोष्ट आहे. चिठ्ठीवर मालाचे नाव आहे, नग आहेत, तारीख आहे. पण गोदामाचा रस्ता बंद असेल तर गिऱ्हाइकाच्या हाती चिठ्ठी देऊन भागत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१७ साली विंडोज १० मध्ये वनड्राइव्हला ही चिठ्ठीची पद्धत जोडली. हेतू चांगला होता, संगणकातली जागा वाचावी हा. आता नवा संगणक घेऊन मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डरच वनड्राइव्हमध्ये जाऊन बसतात, आणि पुष्कळांच्या ते लक्षातही येत नाही. आमच्याही आले नव्हते.

म्हणून क्लाउड सोडून द्यावे, असे मात्र आमचे मत नाही. धुळ्याचे दुकान आमचे धाकटे भाऊ पाहतात. मध्ये सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता. पूर्वी आठवड्याची नोंद एस.टी.ने जाणाऱ्या माणसाच्या पिशवीतून जायची. आमचे वालिद उर्दूत खतावणी लिहीत, उजवीकडून डावीकडे, आणि धुळ्याचे मुनीम मराठीत. दोन्ही जुळवताना आमची शाळकरी वयातली कित्येक रविवारची दुपार गेली आहे. पुढे त्या खतावणीतली काही वर्षे वाळवीने खाल्ली. आज सुरतेहून गठ्ठे जळगावला उतरले की धुळ्याला त्याच घटकेस दिसते. ही सोय कोणी शहाणा माणूस सोडणार नाही. प्रश्न एवढाच आहे की नेट गेल्यावर आपल्या हातात काय उरते.

आणि नेट केवळ केबल तुटल्यानेच जाते असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, जून २०२३ मध्ये कोल्हापुरात, त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मराठवाड्याच्या काही भागांत सरकारी आदेशाने इंटरनेट बंद झाले होते. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून कित्येक महिने ते बंद होते. तिथले व्यापारी व विद्यार्थी नेटसाठी रेल्वेने बनिहालला जात. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन यांच्या खटल्यात सांगितले की इंटरनेटवरून व्यापार करण्यालाही घटनेच्या १९व्या कलमाचे संरक्षण आहे, बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ती बेमुदत असू नये. निकाल मोलाचा आहे. पण तो हाती घेऊन दुपारी तीन वाजता उधारीची फाइल उघडत नाही.

तेव्हा इलाज आपल्याच हाती आहे, आणि तो फुकटचा आहे. वनड्राइव्हच्या फाइलपुढे लहान खूण असते. निळा ढग असेल तर माल गोदामात, आपल्याकडे चिठ्ठी. पांढऱ्या गोलात हिरवी बरोबरची खूण असेल तर फाइल सध्या संगणकात आहे. पण 'स्टोरेज सेन्स' नावाची सोय चालू असेल आणि तशी मुदत लावलेली असेल, तर न उघडलेली फाइल पुन्हा ढगात जाऊ शकते. भरीव हिरवा गोल आणि आत पांढरी खूण, ही पक्की. ती आणायची तर फाइलवर किंवा सबंध फोल्डरवर माऊसचे उजवे बटण दाबून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडावे. हे काम नेट चालू असतानाच करायचे, आणि फाइल पूर्ण उतरेपर्यंत थांबायचे. ही खूण त्या त्या संगणकापुरती असते. एकावर केली म्हणून दुसऱ्यावर होत नाही.

गूगल ड्राइव्ह वापरणाऱ्यांनी संगणकावरच्या त्याच्या प्रोग्रॅममध्ये 'मिरर फाइल्स' निवडले तर 'माय ड्राइव्ह'मधल्या फाइली संगणकातही राहतात. 'स्ट्रीम फाइल्स' असेल तर उजव्या बटणाने हव्या त्या फोल्डरला 'अव्हेलेबल ऑफलाइन' करावे लागते. इथे एक फसगत आहे आणि ती पुष्कळांची होते. गूगल शीट्समध्ये बनवलेला हिशेब संगणकात उतरला असे दिसते, प्रत्यक्षात ती फक्त वाट दाखवणारी कडी असते, आत आकडे नसतात. त्यासाठी क्रोम किंवा एजमध्ये गूगल ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑफलाइनची सोय वेगळी चालू करावी लागते. आम्ही महिनाअखेरीस अशा शीटची एक्सेल प्रत उतरवून ठेवतो. जुनाट पद्धत आहे, पण आकडे आत असतात.

टॅलीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. टॅलीचा चालू डेटा अशा फोल्डरमध्ये ठेवून दोन गावांहून उघडण्याचा मोह होतो. तो टाळावा. इकडे नोंद चालू, तिकडे फाइल चढते-उतरते आहे, यात डेटा बिघडण्याची भीती असते. टॅली आपल्या संगणकावर चालवावी आणि रात्री तिचा बॅकअप क्लाउडवर टाकावा.

काही जण म्हणतात, सगळेच ऑफलाइन ठेवू. गरज नाही, आणि जागाही पुरत नाही. उधारीची यादी, चालू व मागील वर्षाची बिले, मालाचे भाव, पार्ट्यांचे पत्ते व जीएसटी नंबर एवढे पुरे. ई-वे बिलाचे काम या फाइलींनी भागणार नाही. लग्नाचे फोटो ढगातच राहू द्यावेत.

ऑफलाइन प्रत म्हणजे बॅकअप, असेही कोणी समजू नये. मुलाने चुकून फाइल पुसली तर जुळणीच्या वेळी ती जळगाव, धुळे आणि ढग, तिन्हीकडून पुसली जाते. गूगलच्या कचरापेटीत ती ३० दिवस सापडते, नंतर नाही. जीएसटीच्या कायद्याने वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपायचे आहेत, आणि नियम ५७ प्रमाणे संगणकावर हिशेब ठेवणाऱ्याने त्याचा बॅकअप ठेवणे बंधनकारक आहे. कपाटात कुलूपबंद एक हार्ड डिस्क, महिन्यातून एकदा भरलेली, एवढा खर्च लहान व्यापाऱ्यालाही झेपतो.

आता आमच्या दुकानात महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, नमाजला निघण्याआधी, राउटरची पिन काढली जाते आणि मुलगा चार फाइली उघडून दाखवतो. धुळ्यालाही तसेच ठरले आहे. मागच्या महिन्यात तिथे उधारीची फाइल उघडली नाही. पुतण्याने नवा लॅपटॉप घेतला होता आणि त्यावर खूण करायची राहिली होती. जुना लॅपटॉप अजून विकलेला नव्हता. त्यावर ती उघडली, आणि शिरपूरच्या पार्टीचा हिशेब त्यावरूनच केला.