नको म्हणण्याचा अधिकार

मोहाडी तालुक्यातील आंधळगावात काय किंवा नागपुरात काय, घरातील वडीलधारे अत्यवस्थ झाले की पहिला प्रश्न असतो, कोणत्या दवाखान्यात न्यायचे? त्यांना स्वतःला काय हवे आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

शुद्धीवर असलेल्या सज्ञान व्यक्तीला उपचार नाकारता येतो. मग ती शस्त्रक्रिया असो वा कृत्रिम श्वसनयंत्र. शासनाची सत्ताही येथे अमर्याद नाही. कोणावरही लसीकरणाची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी स्पष्ट केले. सार्वजनिक आरोग्यासाठी शासनाने निर्बंध घातले, तर ते वाजवी आहेत की नाहीत, हे न्यायालय तपासू शकते.

पण शुद्धच हरपली तर? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर सुमारे साडेएक्केचाळीस वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. २०११ मध्ये न्यायालयापुढे लेखिका पिंकी विराणी एक सांगत होत्या, त्यांची मायेने शुश्रूषा करणारे केईएमचे कर्मचारी दुसरे. न्यायालयाने कर्मचाऱ्यांचे म्हणणे मानले. अरुणाताईंना विचारण्याची मात्र सोय उरली नव्हती.

म्हणूनच २०१८ मध्ये न्यायालयाने पूर्वलिखित वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची रीत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमोर स्वाक्षरी करावी, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घ्यावे. आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू नातलगाचे नाव त्यात लिहावे. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांना, एक ग्रामपंचायत वा नगरपालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याला द्यावी. बरे होण्याची आशा नसताना जीव लांबविणारे उपचार थांबविण्याचा निर्णय दोन वैद्यकीय मंडळांच्या संमतीनेच होतो. एकट्या मुलाच्या किंवा डॉक्टरांच्या शब्दावर नव्हे. मरणाचे इंजेक्शन मागण्याची मुभा यात नाही.

श्वसनयंत्र नको, याचा अर्थ वेदनाशामक नको असा होत नाही. तोंड ओले करणे, कूस बदलणे, वेदना शमविणे ही सेवा अखेरपर्यंत चालूच राहते. सुश्रूषा करणाऱ्यांनी हे नातलगांना आधीच सांगून ठेवावे. ‘उपाशी मारले’ हा गावातला बोल फार जिव्हारी लागतो.

आणखी एक. खर्चाचा धाक घालून म्हाताऱ्या आईची सही घेणे हा तिच्या अधिकाराचा वापर नव्हे, उघड अपहार आहे. तिचे मन बदलले, तर असे इच्छापत्र तिला केव्हाही लेखी रद्द करता येते. ते कपाटात कुलूपबंद ठेवू नये. औषधांच्या फाइलीतच असावे. मध्यरात्री रुग्णवाहिका दारात उभी असताना किल्ली शोधायला कोणाला सुचत नाही.