हातांतील नेत्र

मोतीबिंदु काढल्यावर पुस्तक हातीं धरण्याची अनुज्ञा मिळाली, त्याच दिवशीं नातीनें एक चित्रसंग्रह पुढें केला. एका पानाशीं आम्ही दोघेंहि थबकलों. सोनेरी पार्श्वभूमीवर एक गंभीर युवती उभी. एका हातीं ताडजातीच्या वृक्षाची झावळी, दुसऱ्या हातीं नाजूक देंठ, आणि त्या देंठावर कळ्यांप्रमाणें दोन डोळे! “आजोबा, किती भयंकर हें!” म्हणून ती पान उलटूं लागली. मीं तिचा हात धरला.

हें चित्र फ्रान्चेस्को देल कोस्सा या इटालियन चित्रकारानें १४७३ च्या सुमारास बोलोन्या येथील सान पेत्रोनिओ या प्रार्थनामंदिरांतील एका वेदीसाठीं काढलें. आज तें वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरींत आहे. ही युवती म्हणजे संत लुसिया. सिसिली बेटांतील सिराक्यूज नगरीं, सम्राट डायोक्लेशियनच्या कारकीर्दींत, इ. स. ३०४ च्या सुमारास तिनें धर्मासाठीं प्राण दिले, अशी परंपरा आहे.

शंखचक्रांवरून आपण विष्णु ओळखतों, त्याचप्रमाणें त्या काळच्या निरक्षर भाविकांची लिपि हीं लक्षणेंच होत. चाक दिसलें कीं कॅथरीन, लोखंडी जाळी दिसली कीं लॉरेन्स. झावळी ही प्राचीन रोमनांची विजयखूण. ती हुतात्म्यांच्या हातीं आली. परंतु येथें एक सूक्ष्म भेद आहे. विष्णूचें चक्र हें त्यानें दुष्टांवर सोडावयाचें आयुध. कॅथरीनचें चाक हें तिच्याच छळासाठीं आणलेलें यंत्र. ज्यानें देहदंड व्हावयाचा, तेंच भूषण म्हणून शांतपणें हातीं धरावें, हा या संकेताचा मर्मार्थ होय.

लुसियाची गोष्ट आणखी निराळी. डोळे काढल्याची कथा तिच्या प्राचीनतम चरित्रांत नाहींच. ती मागाहून जुळली. लॅटिन भाषेंत ‘लुक्स’ म्हणजे प्रकाश. त्या शब्दाशीं लुसिया हें नांव जोडलेलें, आणि प्रकाशावरून दृष्टीकडे मन सहज वळतें. नांवांतून कथा निपजावी, कथेंतून मूर्ति घडावी, हें निरुक्त वाचलेल्यास नवल नव्हे. नेत्ररोगी आजहि तिचा धांवा करितात.

“पण आजोबा, तिच्या चेहऱ्यावर तर दोन्ही डोळे आहेत!” नात म्हणाली.

खरेंच होतें. दिले ते हातांत, देवानें परत दिले ते मुखावर, अशी ती कथा. मीं ती सांगितली, आणि नात कितीतरी वेळ तें चित्र न्याहाळीत बसली. परक्या लिपीला भयंकर म्हणून पान उलटलें असतें, तर मोतीबिंदु निघूनहि मी आंधळाच राहिलों असतों.